मुलांचे तंटे आणि मोठ्यांचे दप्तर: नागपूरच्या शिक्षणाधिकाऱ्यांस अनावृत पत्र

माननीय शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, नागपूर यांस


आपल्या कार्यालयात रोज येणाऱ्या टपालात संचमान्यता, समायोजन, वेतनेतर अनुदान आणि न्यायालयीन प्रकरणे यांचीच दाटी असते, आणि शाळेतील मुलांची आपापसांतील भांडणे हा विषय, एखादे प्रकरण पोलीस ठाण्यात किंवा वर्तमानपत्रात गेल्याखेरीज, कोणत्याही टेबलावर येत नाही, हे ठाऊक असूनच मी हे पत्र लिहीत आहे. ते खाजगी न ठेवता अनावृत लिहिण्याचे कारण इतकेच की, ज्या विषयाचा संबंध या शहरातील प्रत्येक घराशी आहे त्याची वासलात आवक-जावक क्रमांकाच्या आड लागू नये.

नागपुरातील शाळांचे जग ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या भांडणांचे मासले दाखवण्याची गरज नाही. कित्येक शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळच्या पाळीतील मुलगा बाकावर कर्कटकाने आपले नाव कोरून जातो, दुपारच्या पाळीतील मुलगा त्यावर रेघोट्या मारून ठेवतो, आणि ज्यांनी एकमेकांचे तोंडही धड पाहिलेले नाही अशी ही दोन मुले एकमेकांची हाडवैरी होतात. कोणाच्या सायकलीची हवा सोडली जाते, कोणाच्या वडिलांच्या धंद्यावरून टोपणनाव पडते, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात कोणाचे छायाचित्र विद्रूप करून फिरवले जाते, आणि ‘काऊन बे’ या दोन शब्दांनी आरंभ झालेला संवाद शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर हातघाईवर येतो. यांपैकी बहुतेक भांडणे दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत विरून जातात, आणि ती तशीच विरू द्यावीत हेच शहाणपणाचे. परंतु जी थोडी उरतात ती चिघळतात, दोन मुलांच्या दोन टोळ्या होतात, टोळ्यांना वस्त्यांची नावे चिकटतात, आणि मग मूळ भांडण कशावरून होते हे त्या दोघांनाही आठवेनासे होते. मार्च २०२५ मध्ये महाल भागातील दंगलीनंतर या शहरातील अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी पुकारावी लागली. वस्तीतील वैर शाळेच्या फाटकाशी थांबून राहत नाही, एवढे जरी त्या दिवसांनी आपणा सर्वांच्या ध्यानात आणून दिले असेल तरी पुरे.

आता अशा प्रसंगी शाळा काय करते ते पाहा. वर्गप्रमुख फळ्यावर नाव लिहितो. नाव वर्गशिक्षकांकडे जाते. वर्गशिक्षक, त्यांच्यापुढे पन्नास-साठ मुले आणि हातात पस्तीस मिनिटांचा तास असल्यामुळे, दोघांच्या जबान्या अर्ध्यावर तोडून निकाल देतात. निकाल मान्य नसला तर प्रकरण मुख्याध्यापकांकडे जाते, तेथून पालकांना चिठ्ठी जाते, आणि दोन्हीकडचे पालक कार्यालयात समोरासमोर आले म्हणजे मुलांचे भांडण मागे पडून मोठ्यांचे सुरू होते. या साऱ्या प्रवासाची दिशा एकच, खालून वर. ‘सॉरी म्हण आणि हात मिळवा’ या हुकमाने त्याची समाप्ती होते, मुले हात मिळवतात, आणि मिळवलेला तो हात खिशात जाण्यापूर्वीच मुठीचा आकार घेतो. मी शिक्षकांना दोष देत नाही. चारशे मुलांच्या मधल्या सुट्टीत दोन शिक्षकांनी याहून अधिक काय करावे? परंतु माझे म्हणणे असे की, आपल्या शाळा मुलांना फिर्याद करायला उत्तम शिकवतात, आणि ज्याच्याविरुद्ध फिर्याद आहे त्याच्याशी बोलायला मात्र शिकवत नाहीत.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने, कलम १७ अन्वये, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. शाळांतून तक्रारपेट्या लागल्या. २०२२ साली सखी सावित्री समित्या आल्या. या सर्व योजना आवश्यक आहेत, आणि त्यांतील एकही कमी करावी असे मला सुचवायचे नाही. तथापि त्या सगळ्या मोठ्यांकडे जाणाऱ्या वाटा आहेत. मुलांच्या स्वतःच्या हातात काय आहे म्हणाल तर शालेय मंत्रिमंडळ: त्यात मुख्यमंत्री असतो, स्वच्छतामंत्री असतो, आरोग्यमंत्री नखे तपासतो, सहलमंत्री वर्षातून एकदा रामटेकला जागा होतो. या खातेवाटपात, जे खाते मुलांना रोज लागते आणि जे चालवण्याची पात्रता मोठ्यांपेक्षा त्यांच्याच अंगी अधिक आहे, ते तेवढे राहून गेले आहे. कोणाचे कोणाशी आणि खरे कशावरून बिनसले आहे, हे शाळेत सर्वांत आधी आणि सर्वांत अचूक मुलांना कळते. आपल्याला कळते तेव्हा त्याची फिर्याद झालेली असते.

मी ज्या पद्धतीचा पुरस्कार करतो आहे ती जगात नवी नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी १९७६ साली रेमंड शॉनहोल्ट्झ नावाच्या वकिलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे तंटे शेजाऱ्यांनीच मिटवावेत यासाठी ‘कम्युनिटी बोर्ड्स’ ही संस्था काढली, आणि पुढील दशकात तिने हीच रीत शाळेतील मुलांच्या हाती दिली. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंची रीत थोडी निराळी आहे: निवडक मुलांचे पथक तयार करण्याऐवजी वर्गातील प्रत्येक मुलाला मध्यस्थीचे शिक्षण द्यायचे आणि ते काम रोज पाळीपाळीने दोघांकडे सोपवायचे. इंग्लंडातील समरहिल या शाळेत, जी ए. एस. नील यांनी १९२१ साली स्थापली, छळ झालेले किंवा भांडणात सापडलेले मूल आपल्यातीलच एका मोठ्या मुलाला मदतीस बोलावू शकते.

कृती म्हणाल तर ती साधी आहे. दोन मध्यस्थ विद्यार्थी, शक्यतो भांडणाऱ्यांच्या वर्गाबाहेरचे, दोघांना एका शांत खोलीत घेऊन बसतात. एकाने बोलावे आणि दुसऱ्याने मध्ये तोंड घालू नये एवढा करार आधी करून घेतात. आणि मग या पद्धतीचा जो खरा गाभा आहे ती गोष्ट करतात: समोरच्याने काय सांगितले ते आपल्या शब्दांत, आणि त्याला मान्य होईल असे, सांगून दाखव, असे प्रत्येकाला म्हणतात. कोणीही हे एकदा करून पाहावे म्हणजे ते किती अवघड आहे हे कळेल. संसदेच्या सभागृहात ही अट घातली तर अधिवेशने फार आटोपशीर होतील. त्यानंतर तुला काय हवे आहे, तू काय देऊ शकतोस, असे विचारत विचारत जे ठरेल ते चार ओळींत लिहायचे, दोघांनी सही करायची, आणि आठवड्याने ते पाळले गेले की नाही हे मध्यस्थांनीच विचारायचे. शिक्षक हाकेच्या अंतरावर असतात, खोलीत नसतात.

यावर असे म्हटले जाईल की हे सारे परदेशी आहे आणि आमच्या वस्त्यांतील पोरांना ते पेलणार नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी मला नागपूरच्या हद्दीबाहेर जावे लागत नाही. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेले श्री. विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे जे काम सुरू केले, ज्याला पुढे ‘स्लम सॉकर’ असे नाव पडले, ज्याला जागतिक फुटबॉल महासंघाने २०१६ चा विविधता पुरस्कार दिला आणि ज्याच्यावरून नागराज मंजुळे यांनी २०२२ साली ‘झुंड’ हा चित्रपट काढला, ते काम आपल्याला ठाऊक असणारच. चित्रपटात जे फारसे आले नाही आणि मला या पत्रापुरते अधिक महत्त्वाचे वाटते ते असे की, ही संस्था ज्या जागतिक जाळ्याची घटक आहे त्या जाळ्याने ‘फुटबॉल-थ्री’ नावाची खेळाची एक रीत प्रचारात आणली आहे, आणि तीत पंचच नसतो. कोलंबिया देशाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबार याच्या हातून विश्वचषकाच्या सामन्यात स्वतःच्याच संघावर गोल झाला आणि मायदेशी परतल्यावर २ जुलै १९९४ रोजी मेदेयिन शहरात त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्या शहराच्या रस्त्यांवरील टोळ्यांच्या पोरांना एकत्र खेळवण्याच्या प्रयत्नातून ही रीत जन्मली. सामन्याचे तीन भाग असतात. पहिल्यात दोन्ही संघ वर्तुळ करून बसतात आणि आजचे नियम ठरवतात. दुसऱ्यात, मुले-मुली मिसळून, खेळ होतो. तिसऱ्यात पुन्हा बसून, ठरलेले नियम कोणी पाळले आणि कोणी मोडले यावर बोलणे होते आणि प्रत्येक संघ प्रतिपक्षाला सचोटीचे गुण देतो, जे गोलांच्या गुणांत मिळवले जातात. शिट्टी वाजवणाऱ्याच्या जागी एक मध्यस्थ असतो; तो खेळ पाहतो, बोलणे चालते ठेवतो, आणि निकाल देत नाही. ज्या मुलांच्या आयुष्यात फाऊल म्हणजे हाणामारीचे निमंत्रणच असते त्यांना शिट्टीवाचून खेळता येते असे गृहीत धरून ही रीत आखली गेली आहे. तिच्या शेजारी आपला सातवीचा वर्ग ठेवून पाहिला तर, फळ्यावर नावे लिहिणाऱ्या वर्गप्रमुखाखेरीज तो पाच मिनिटेही बसू शकणार नाही हे आपले गृहीतक कोणत्या अनुभवावर उभे आहे, असा प्रश्न मला पडतो.

आणि नागपूरच्या दक्षिणेस अवघ्या दोन तासांच्या वाटेवर सेवाग्राम आहे. वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षणपरिषदेतून झाकिर हुसेन समिती आणि नयी तालीम निर्माण झाली, हे अध्यापक विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतो; परंतु त्या शिक्षणात चरख्याच्या बरोबरीने मुलांच्या स्वयंशासनाला स्थान होते, सफाईचे, स्वयंपाकाचे, शेताचे काम मुलांनीच वाटून घ्यावे आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर द्यावा अशी रीत होती, हे मात्र गाळले जाते. एकत्र स्वयंपाक करणाऱ्या मुलांचे भांडण होणारच, आणि पोळ्या करपण्यापूर्वी ते मिटावेही लागते. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने चालवलेली सेवाग्रामची ती शाळा पुढे बंद पडली. तिच्याच परिसरात २००५ पासून नयी तालीम समितीची ‘आनंद निकेतन’ ही शाळा मराठी माध्यमातून चालते आहे. आपल्या अधिपत्याखालील मुख्याध्यापकांची एखादी सभा नेहमीच्या सभागृहाऐवजी तेथे भरवली तर प्रवासभत्त्यात फारसा फरक पडणार नाही.

ज्यांच्या नावाने हे सारे उभे राहिले त्या गांधींच्या वकिलीचा पहिला मोठा धडाही याच जातीचा होता. दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ हे एकाच गावचे, एकमेकांचे नातलग, आणि त्यांचा प्रिटोरियातील दावा दोघांनाही बुडवील इतका लांबत चाललेला. तरुण गांधींनी दोघांना लवादास राजी केले. निकाल गांधींचे पक्षकार दादा अब्दुल्ला यांच्या बाजूने लागला. परंतु रक्कम एकदम द्यावी लागली असती तर तय्यब शेठ दिवाळखोर झाले असते, म्हणून गांधींनी जिंकलेल्या पक्षकाराची समजूत घालून ती लांब मुदतीच्या हप्त्यांवर आणली. निकाल लागल्यानंतरचे हे जे काम, तेच माझ्या मते मध्यस्थाचे काम, आणि तेच आपल्या शाळांतून कोणी करीत नाही. मोठ्यांनाही आता याची जाणीव झालेली दिसते. दाव्यांच्या ढिगाऱ्याखाली दबलेल्या न्यायालयांकडे पाहून संसदेने २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला.

येथे, महोदय, मला एक भीती बोलून दाखवलीच पाहिजे. हा विचार आपल्याकडे रुजला तर तो मध्यस्थीच्या रूपाने न रुजता मुलांच्या न्यायालयाच्या रूपाने रुजेल, कारण न्यायनिवाडा करण्याची आपल्याला फार जुनी हौस आहे. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या आपल्या १८१९ च्या अहवालात पंचायतींचे विस्ताराने वर्णन केले आहे. त्या राज्यात जिंकणाऱ्याने हरकी द्यावी आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावी अशी वहिवाट होती, म्हणजे तंट्याचा वसूल सरकारजमा दोन्हीकडून. त्या पंचायतींची थोरवी गाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, जातपंचायतींनी आपल्याच माणसांना वाळीत टाकण्याचा इतका अतिरेक केला की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. आठवीतल्या चार हुशार मुलांना पंच म्हणून बसवून, त्यांच्या हाती दंड करण्याचा, उभे करण्याचा किंवा खेळातून वगळण्याचा अधिकार दिला, तर आपण त्या जातपंचायतीची बालआवृत्ती काढू. मध्यस्थाच्या हाती काहीही अधिकार नसणे हीच त्याची शक्ती आहे.

दुसरा धोका आकड्यांचा. १५ ऑगस्ट २००७ रोजी, श्री. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिचा हेतू निर्मळ होता, गावोगावी समित्या झाल्या, बांधाचे आणि वाटणीचे कित्येक दावे चावडीवर मिटले, हे मान्य करून मी म्हणेन की, तंटे मिटवल्याच्या संख्येवर गुण आणि गुणांवर रोख पुरस्कार ही तिची रचना मला कधीच पटली नाही. मिटलेल्या तंट्यांना बक्षीस लागले की न मिटणारा तंटा घेऊन येणारा मनुष्य गावाचा शत्रू ठरतो, आणि तो मनुष्य बहुतेक वेळा गावातील सर्वांत दुबळा असतो.

यातूनच मी या पत्रातील ज्या मुद्द्याला सर्वाधिक जपतो त्याच्यापाशी येतो. प्रत्येक गोष्ट तंटा नसते. भीमराव आंबेडकर नावाचा एक मुलगा शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वर्गातील इतर मुलांपासून वेगळा बसत असे, आणि तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्याला पाणी मिळत नसे. अशी कल्पना करा की त्या शाळेत मध्यस्थांची खोली होती, आणि गोणपाटावरील तो मुलगा आणि बाकावरील मुले यांना तेथे समोरासमोर बसवून ‘तू काय देऊ शकतोस’ असे दोन्ही बाजूंना सारख्याच मायेने विचारण्यात आले. त्या सारखेपणाएवढा मोठा अन्याय दुसरा झाला नसता. ज्या नगरीत दीक्षाभूमी आहे तेथील शाळांना हा भेद मी समजावून सांगावा असे नाही. तरी परिपत्रकांची भाषा ‘सर्व प्रकारचे वाद सामोपचाराने’ अशी सरसकट असते, म्हणून तो स्पष्ट लिहिलेला बरा. जातीवरून केलेला अपमान, एकावर अनेकांनी मिळून चालवलेला छळ, पैसे उकळणे, शस्त्र, आणि मुलीच्या किंवा मुलाच्या अंगाला केलेला वाईट स्पर्श, यांपैकी काहीही त्या खोलीत जाता कामा नये. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने तर अशी गोष्ट कळताच ती पोलिसांना कळवण्याचे बंधन प्रत्येक व्यक्तीवर घातले आहे. शाळेची अब्रू राखण्यासाठी ती ‘आपसांत’ मिटवणे हा स्वतंत्र अपराध होय. मध्यस्थ मुलांच्या शिक्षणाचा पहिला तास भांडण कसे मिटवावे यावर घेऊ नये. कोणत्या गोष्टीला हात न लावता ती धावत जाऊन बाईंना सांगावी, यावर घ्यावा.

निवडीविषयी थोडे. मध्यस्थ निवडण्याचे काम शाळेवर सोडले तर शाळा पहिल्या बाकावरची, शिष्यवृत्ती मिळवलेली, वळणदार अक्षराची मुले निवडील, आणि शेवटच्या बाकावरील मुले त्या खोलीकडे फिरकणार नाहीत. जॉन्सन बंधूंची पाळीपाळीची रीत मला म्हणूनच अधिक पसंत आहे. ज्याने स्वतः पुष्कळ भांडणे केली आहेत अशा मुलाला भांडण कोठे वळते ते दिसते. त्याला त्या खुर्चीवर बसवल्याने तो सुधारेल की नाही हा प्रश्न माझा नाही, त्याच्याजवळ ज्ञान आहे आणि ते शाळेने वापरावे एवढेच मी म्हणतो. तसेच, घरी वऱ्हाडी, हलबी, उर्दू, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला रागाच्या भरात प्रमाण मराठीत कैफियत मांडायला लावू नये. ज्या बोलीत भांडण झाले त्याच बोलीत ते मिटू द्यावे.

शिक्षकांवर हा आणखी एक बोजा पडेल, हा आक्षेप मी हलका समजत नाही. मतदार याद्यांपासून पोषण आहारापर्यंत सर्व काही त्यांच्याच गळ्यात आहे. म्हणून मी सर्व शाळांसाठी योजना मागत नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर शाळांच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यापूर्वीच्या आठवड्यात, स्वेच्छेने पुढे येणाऱ्या दहा-बारा शाळांतील प्रत्येकी दोन शिक्षकांचे शिबिर घ्यावे, त्यात बारसे यांच्या मैदानावरील मुलामुलींना शिकवण्यासाठी बोलवावे आणि शिक्षकांनी शिकण्यासाठी बसावे. वेळापत्रकात आठवड्याला एक तास द्यावा, तो मूल्यशिक्षणाच्या नावावर आधीच असतो. खोली मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला लागून नसावी. दोन वर्षे हे चालू द्यावे आणि मग पाहावे.

आणि परिपत्रक काढलेच, तर त्यासोबत कोष्टक जोडू नये. किती तंटे दाखल झाले, किती निकाली निघाले, किती प्रलंबित आहेत, याची मासिक माहिती तीन प्रतींत मागवली गेली, की वर्षअखेरीस जिल्ह्यातील सर्व तंटे कागदावर मिटलेले आढळतील. मुलांनी सही केलेल्या त्या चार ओळींच्या चिठ्ठ्या मुलांजवळच राहू द्याव्यात; त्यांना आवक क्रमांक देऊ नये, त्या तपासणीच्या वेळी मागू नयेत, आणि वर्ष संपले की मुलांनी त्या फाडून टाकल्या तरी चालेल, असे परिपत्रकातच एका ओळीत नमूद करावे.



आपला,
एक नागपूरकर